जुना तीन ट्यूबांचा प्रोजेक्टर: बोर्ड तापतो तेव्हा आधी काय बघायचं

डिचोलीहून एकाने विचारलं आहे. त्यांच्या गावी देवळाच्या सभागृहात तीन ट्यूबांचा (तांबडी, हिरवी, निळी) जुना सीआरटी, म्हणजे चित्र-ट्यूबवर चालणारा, प्रोजेक्टर छताला टांगलेला आहे. पूर्वी त्यावर क्रिकेटचे सामने आणि गावच्या नाटकांची व्हिडिओ रेकॉर्डिंग दाखवत. मग कित्येक वर्षं तो बंद होता. आता चवथीसाठी लॅपटॉप जोडून तो पुन्हा सुरू केला. पहिला अर्धा तास चित्र सुरेख येतं. नंतर ते डाव्या-उजव्या बाजूंनी आत ओढलं जातं, हिरवा रंग बाकीच्या दोघांपासून सरकतो आणि जळका वास येऊ लागतो. झाकण उघडल्यावर एक बोर्ड तपकिरी पडलेला दिसला. जादा पंखे लावून झाले, फरक नाही. त्यांचा प्रश्न असा की मोठे हीट-सिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) बसवू, की बोर्डच बदलू?

मी फोंड्याला टीव्ही आणि प्रोजेक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो. हे सेट आता फारसे येत नाहीत, पण जे येतात त्यातले बहुतेक याच तक्रारीने येतात. माझं उत्तर असं की तूर्तास यातलं काहीच करू नका.

'बोर्ड तापतो' या दोन शब्दांत तीन वेगवेगळी दुखणी असतात. एक, उष्णता गरजेपेक्षा जास्त तयार होते. दोन, तयार होते ती ठीक, पण बाहेर पडत नाही. तीन, उष्णता पूर्वी होती तेवढीच आहे, पण म्हातारा झालेला एखादा टाका किंवा पार्ट आता ती सोसत नाही. पंखा आणि हीट-सिंक फक्त दुसऱ्यावर चालतात. तुम्ही पंखे लावूनही फरक पडला नाही, म्हणजे तुमचं दुखणं बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या जातीचं आहे. माझा अंदाज दोन्ही मिळून आहे, आणि तो का ते पुढे सांगतो.

मी सेट पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी मॉडेलवर सोडाव्या लागतील. सोनी, बार्को, एनईसी, इलेक्ट्रोहोम, प्रत्येकाची बोर्डांची मांडणी वेगळी. मॉडेल नंबर पाठीमागच्या प्लेटवर असतो. त्यावरून सर्व्हिस मॅन्युअल शोधून काढा. सर्किट डायग्राम समोर नसताना या सेटमध्ये हात घालणं बरं नाही.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी दोन गोष्टी तपासता येतात, आणि माझा खरा संशय त्यांच्यावरच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लॅपटॉप. पूर्वी हा सेट व्हीसीआर किंवा डीव्हीडीवर चालत होता. पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीच्या, चित्रात आडव्या रेषांचा वेग १५.६२५ किलोहर्ट्झ असतो, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. लॅपटॉप १०२४ बाय ७६८ ला ६० हर्ट्झवर लावला की हाच वेग ४८ किलोहर्ट्झच्या वर जातो, म्हणजे तिपटीहून अधिक. एचडीएमआय कन्व्हर्टरमधून १०८० ओळींचं पूर्ण चित्र दिलं तर तो ६७.५ किलोहर्ट्झ होतो. या रेषा काढणारा हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर प्रत्येक रेषेला एकदा चालू होतो आणि एकदा बंद होतो. बंद होतानाच्या क्षणी त्यात सगळ्यात जास्त उष्णता निर्माण होते. रेषा तिप्पट तर हे बंद होणंही तिप्पट. त्याशिवाय योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलच्या) तारेत, फेराइट कोअरमध्ये, लिनिअॅरिटी कॉइलमध्ये वेगाबरोबर नुकसान वाढतं. तेच चित्र तितकंच रुंद काढायला वरच्या वेगाला डिफ्लेक्शनचा (किरण वळवणाऱ्या भागाचा) सप्लायही जास्त व्होल्टचा लागतो, आणि मल्टिस्कॅन, म्हणजे अनेक वेग पकडणारा, सेट तो आपोआप चढवतो. सेट हा वेग 'पकडतो' याचा अर्थ तो तासन्‌तास तिथे सुखाने चालेल असा होत नाही, विशेषतः कंडेन्सर वीस-पंचवीस वर्षांचे झाल्यावर.

तेव्हा लॅपटॉप ६४० बाय ४८०, ६० हर्ट्झवर लावा. हा वेग ३१.५ किलोहर्ट्झ. ८०० बाय ६०० केलात तर सुमारे ३८. अशा चित्रावर दीड तास चालवून बघा. चित्र आत ओढलं जाण्याची वेळ अर्ध्या तासावरून तासाभरावर गेली किंवा ओढलं जाणं थांबलंच, तर अर्धं निदान फुकटात झालं. पडद्यावर फार काही हरवत नाही. नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग मुळात पालचं आहे, ते मोठ्या रिझोल्यूशनवर चढवून त्यात नवा तपशील येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पडदा. मधल्या वर्षांत सभागृहाची डागडुजी झाली का? पडदा पुढे-मागे गेला का? प्रोजेक्टर उतरवून पुन्हा टांगला का? हे मुद्दाम विचारतो, कारण हिरवा रंग सरकण्याचं मूळ इथे असू शकतं. फोंड्याजवळच्या एका सभागृहातला सेट पाहिला होता, तो नीट सांगतो.

तिथे रंगमंच वाढवला होता, त्यामुळे पडदा मागे गेला. तीन ट्यूबांची चित्रं पडद्यावर एकमेकांवर बसायला हवीत, आणि अंतर बदललं की कडेच्या दोन ट्यूबांचा कोन बदलावा लागतो. तो यांत्रिक आहे, स्क्रू सैल करून लेन्ससकट ट्यूब किंचित वळवायची. कुणीतरी तो त्रास वाचवला आणि कन्व्हर्जन्सचे (तीन रंग विजेने एकमेकांवर बसवणाऱ्या सर्किटचे) प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचे छोटे स्क्रू, फिरवून चित्रं जुळवली. मी बोर्ड उघडला तेव्हा तांबड्या आणि निळ्याच्या आडव्या स्थिर कन्व्हर्जन्सचे प्रीसेट टोकाला जाऊन टेकले होते. चित्र जुळलेलं, पण कन्व्हर्जन्स आयसीचं हीट-सिंक इतकं तापलेलं की जवळच्या कंडेन्सरचं प्लास्टिकचं वेष्टण आकसून वर सरकलं होतं.

असं का होतं ते समजून घ्या. कन्व्हर्जन्सला प्रत्येक ट्यूबच्या दोन दिशा, म्हणून सहा अँप्लिफायर असतात. काही सेटमध्ये ते एसटीके जातीच्या हायब्रिड आयसीत असतात, काहींत सुटे ट्रान्झिस्टर असतात. ते ऑडिओ अँप्लिफायरसारखेच चालतात. चित्र सतत एका बाजूला ओढून धरायचं म्हणजे कॉइलमधून सतत एका दिशेने प्रवाह सोडायचा. समजा सप्लाय २० व्होल्टचा आणि प्रवाह १ अँपिअर. कॉइलचा रोध थोडा, तिच्यावर दोन-तीन व्होल्टच पडतात. उरलेले सतरा-अठरा व्होल्ट आयसीत पडतात, म्हणजे सतरा-अठरा वॅट उष्णता, अखंड, चित्र काळं असलं तरी. त्या सेटमध्ये प्रीसेट मधोमध आणले, कडेच्या ट्यूबा वळवून चित्रं पडद्यावर आणली आणि मग उरलेली थोडी चूक प्रीसेटने काढली. एकही पार्ट न बदलता हीट-सिंकला बोट टेकवता येऊ लागलं. तुमच्याकडे हिरवा सरकतो. हिरवी ट्यूब बहुतेक मधली असते आणि बाकीचे दोन तिच्याशी जुळवले जातात, म्हणून तिच्या प्रीसेटशी कुणी खेळलं असेल तर तेही पाहा.

आता झाकण उघडण्याबद्दल, आणि इथे मी हात जोडून सांगतो. ट्यूबच्या अॅनोडवर तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. काच स्वतः कंडेन्सरसारखी वागते आणि सेट बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवते. अॅनोडच्या रबरी टोपीला हात लावायचं तुम्हाला कारणच नाही, तर लावू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर २३० व्होल्ट एसीतून आलेले ३२५ व्होल्ट डीसी असतात. प्लग काढा, थांबा, मीटरने मोजा, उरले असतील तर रेझिस्टरने उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढू नका. प्रायमरीकडची काही हीट-सिंक थेट मेनशी जोडलेली असतात, ती चालू सेटमध्ये बोटाने तपासायची नाहीत. एक्स-रे संरक्षण सर्किटमुळे सेट ट्रिप होत असेल तर ते कुणाच्याही सांगण्यावरून काढून टाकू नका. आणि हे वाचून हात कचरला तर मापं घेण्याचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, तुम्ही शेजारी वही घेऊन बसा.

लक्षणं काय सांगतात ते पाहू. चित्र फक्त डाव्या-उजव्या बाजूंनी कमी होतं, उंची तीच राहते. म्हणजे व्हर्टिकल ठीक आहे, हॉरिझाँटल डिफ्लेक्शनचा प्रवाह कमी होतोय. ईएचटी, म्हणजे ट्यूबच्या अॅनोडचा तो उच्च दाब, पडली असती तर चित्र फुगलं असतं आणि मंद झालं असतं. हिरवं सरकणं हे कन्व्हर्जन्सचं काम, वेगळा बोर्ड. दोन बोर्डांवरची दोन लक्षणं एकाच वेळी आली की दोघांत सामाईक काय ते शोधायचं. सामाईक असतो पॉवर सप्लाय, किंवा त्यातून निघालेला एखादा कनेक्टर. म्हणून पहिलं माप तिथलं. मॅन्युअलमधून हॉरिझाँटलचा बी-प्लस (त्या भागाचा मुख्य डीसी सप्लाय) आणि कन्व्हर्जन्सचे प्लस-मायनस सप्लाय शोधा. सेट थंड असताना, पंधरा मिनिटांनी आणि चित्र आत ओढलं गेल्यावर, असे प्रत्येकी तीन आकडे लिहा. लॅपटॉपची सेटिंग मधे बदलायची नाही, कारण बी-प्लस तिच्यासोबत बदलतो.

हे आकडे सप्लायच्या बोर्डावरच्या पिनेवरही घ्यायचे आणि डिफ्लेक्शन बोर्डावरच्या पिनेवरही. सप्लायकडे दाब स्थिर आणि पलीकडे पडलेला, तर मधल्या कनेक्टरमध्ये दोष. दोन्हीकडे पडला तर सप्लाय. दोन्हीकडे स्थिर, तरी चित्र ओढलं जातं, तर दोष डिफ्लेक्शन बोर्डाच्या आत आहे.

कनेक्टरवर मी जास्त वेळ घालवतो, कारण तपकिरी बोर्डाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. योककडे जाणाऱ्या पिनेतून काही अँपिअर वाहतात. पिनेचा स्पर्श सैल होऊन तिथे ०.१ ओहम रोध तयार झाला आणि प्रवाह ५ अँपिअर असला, तर अडीच वॅट उष्णता एका पिनेच्या टोकावर. तिने टाका कोरडा पडतो, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहा. पिनेभोवती सोल्डरमध्ये बारीक काळं वर्तुळ दिसलं तर तो ड्राय सोल्डर. पांढऱ्या प्लगच्या एकाच पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळट झालं असेल तर तो प्लग बाद, नुसतं पुन्हा सोल्डर मारून चालणार नाही, आतली पितळी क्लिप ढिली झालेली असते. हीच तपासणी हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, कॉइली आणि मोठ्या वॅटच्या रेझिस्टरच्या पायांवर करा. जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा, फ्लक्स लावा, मग नवं ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) भरा. जुन्यावर नवं चढवलं तर टाका चकचकीत दिसतो आणि काही महिन्यांत पुन्हा तडकतो.

तपकिरी डाग दिसला की तो उष्णतेचाच असं धरू नका. जुन्या सेटमध्ये मोठे पार्ट हलू नयेत म्हणून फिकट पिवळा गोंद लावलेला असे. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तो गडद होतो, वीज वाहू देतो आणि खालचं तांबं खातो. तो लाकडी काडीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा. दुसरी शक्यता ट्यूबच्या कूलंटची. लेन्स आणि ट्यूब यांच्यामध्ये ग्लायकॉलचं द्रव भरलेलं असतं. सील म्हातारं झालं की ते झिरपतं, आणि सेट छताला टांगलेला असला की कुठे जाऊन ठिबकेल सांगता येत नाही. बोर्डावर चिकट ओलावा लागला तर सेट चालू करू नका. ते द्रव विषारी आहे, हातमोजे घालून पुसा आणि गळती कुठली ते आधी शोधा.

कंडेन्सरबद्दल. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर १० अंशाला साधारण निम्मं होतं. २००० तासांचा, १०५ अंशांचा कंडेन्सर ६५ अंशांवर चालवला तर ३२,००० तासांचा हिशेब येतो. तोच ८५ अंशांचा असेल तर फक्त ८,००० तास. हीट-सिंकला चिकटून असलेल्या कंडेन्सरचा हिशेब याहून वाईट. म्हातारपणी त्यांचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढतो, रिपल (सतत चढ-उतार होणाऱ्या) प्रवाहाने ते आतूनच तापतात आणि सप्लायच्या ट्रान्झिस्टरलाही जास्त राबवतात. फुगलेलं डोकं दिसलं तर काम सोपं, पण बहुतेक जण फुगत नाहीत, म्हणून ईएसआर मीटर हवा. सप्लायमधले आणि हॉरिझाँटल बोर्डावरचे सगळे एकदमच बदला, १०५ अंशांचे, लो-ईएसआर, चांगल्या कंपनीचे. बरीच वर्षं बंद पडून असलेल्या सेटमध्ये हे मी न विचारता करतो. हॉरिझाँटलमधले फिल्म कंडेन्सर मात्र वेगळे. रिट्रेस (रेषा संपल्यावर किरण परत आणणाऱ्या) आणि एस-करेक्शनच्या (चित्राच्या कडांचं प्रमाण सांभाळणाऱ्या) जागी मॅन्युअलमध्ये दिलेली व्हॅल्यू, व्होल्टेज आणि पॉलिप्रॉपिलिनचीच जात हवी. तिथे मिळेल तो कंडेन्सर बसवला तर ट्रान्झिस्टर मिनिटात जातो.

वासही पारखायला शिका. मासळीसारखा वास आला तर कंडेन्सरमधलं इलेक्ट्रोलाइट. जळलेल्या बेकलाइटसारखा आला तर बोर्ड किंवा रेझिस्टर. वीज पडून गेल्यावर येतो तसा तीक्ष्ण वास आणि सोबत बारीक सूंSS आवाज असेल तर तो ओझोन, म्हणजे ईएचटीकडे कोरोना (उच्च दाबाची हवेतून गळती) होतोय, आणि आपल्या दमट हवेत तो जून ते सप्टेंबर हमखास वाढतो. त्याचा इलाज वेगळा, धूळ पुसून इन्सुलेशन सुधारायचं.

तापमान मोजायला हल्ली स्वस्त इन्फ्रारेड मीटर मिळतो. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो फार कमी आकडा दाखवतो. सेट बंद आणि डिस्चार्ज असताना हीट-सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा आणि नंतर त्यावर माप घ्या. आणि आकडा खोलीच्या तापमानाच्या वर किती ते लिहा. मे महिन्यातले ६५ आणि जानेवारीतले ६५ एक नव्हेत. ट्रान्झिस्टर खूप गरम पण त्याचं हीट-सिंक कोमट, तर मधली पांढरी पेस्ट वाळून पीठ झालेली आहे. पुसून पातळ थर लावा, मधला अभ्रक (वीज अडवणारी पातळ चकती) तडकलेला असेल तर बदला, स्क्रू नीट आवळा, आणि सेट चालू करण्यापूर्वी मीटरने ट्रान्झिस्टर हीट-सिंकपासून वेगळा आहे का ते तपासा.

पंख्याचं थोडक्यात. तुम्ही लावलेले जादा पंखे कुठल्या दिशेने वारा मारतात ते पाहा, मूळ पंख्याच्या उलट दिशेने असतील तर काढा. मूळ पंखा पूर्ण वेगाने फिरतो का, फिल्टर कापसासारखा भरलाय का, हे पाहा. झाकण उघडं ठेवून टेबल फॅन लावू नका. या सेटमध्ये वारा ठरलेल्या वाटेने जावा म्हणून झाकण मांडणीचाच भाग असतं, ते काढलं की काही बोर्ड उलट जास्त तापतात. छताजवळ गरम हवा साचते, म्हणून सेट आणि छत यांच्यात मोकळी जागा हवी. पावसाळ्यात सेट प्लास्टिकने गुंडाळून ठेवतात तेही बंद करा. आत दमटपणा कोंडतो आणि पिना हिरव्या पडतात. सुती कापड टाका, आणि आठवड्यातून एकदा तासभर सेट चालवा.

बोर्ड बदलायचा की ठेवायचा हे डागाच्या खोलीवर आहे. रंग बदललाय पण नखाने टोकरल्यावर टणक लागतो, ट्रॅक चिकटलेले आहेत, तर बोर्ड चालेल. काळा पडून भुसभुशीत झाला असेल तर तो कोळसा आहे आणि त्यातून वीज वाहते. तेवढा भाग कोरून काढायचा, कडा पुसायच्या, ट्रॅकच्या जागी इन्सुलेटेड वायर घालायची आणि तापणारा रेझिस्टर बोर्डापासून उंच, सिरॅमिक मण्यांवर बसवायचा. जुना पूर्ण बोर्ड विकत घेतलात तर त्याचे कंडेन्सरही तेवढेच म्हातारे असणार हे धरून चाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एसटीके आयसी मागवताना नकली मालापासून सांभाळा. भाव फारच कमी असेल तर घेऊ नका, जुन्या सेटमधून काढलेला अस्सल पार्ट मी त्यापेक्षा बरा मानतो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना आपल्याकडे सिरीजला शंभर वॅटचा बल्ब लावायची सवय आहे. हे सेट काहीशे वॅट घेतात, त्यामुळे शंभरच्या बल्बवर सप्लाय सुरू-बंद होत राहतो आणि दोष नसताना दोष वाटतो. तिथे मोठ्या वॅटचे बल्ब समांतर लावून वापरा, आणि तेही फक्त शॉर्ट नाही ना एवढं बघण्यापुरतं.

तुम्ही आधी लॅपटॉप ६४० बाय ४८० वर लावून बघा आणि पडदा हलला होता का ते देवस्थानच्या जुन्या माणसांना विचारा. मग मॉडेल नंबर, बी-प्लसचे थंड आणि गरम असतानाचे दोन्ही बाजूंचे आकडे, आणि तपकिरी जागेचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. डाग नेमका कुठल्या पार्टखाली आहे हे दिसलं की पुढचं सांगता येईल.